वाळूवर लावलेल्या दुर्वा

शाहपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत समोरच्या साहेबांनी वरचा मजला चढवायला नर्मदेची वाळू टाकली, ठेकेदाराशी भांडले आणि काम बंद पडलं. वाळू तिथंच, रस्त्यावर. मी उचलायला सांगायला गेले तर साहेब पायरीवरूनच म्हणाले, "हो जाएगा मैडम." डोंबल होणार होतं!

माझे बाबा ऐंशीच्या पुढचे. गुडघे गेलेले, तरी संध्याकाळी वॉकर घेऊन तळ्याच्या काठी जायचेच. तिथं त्यांच्या दफ्तरातली जुनी मंडळी बसायची. त्या तासाभरासाठी ते दिवस ढकलायचे.

वैशाखात लू, इकडचा तो भाजणारा वारा, सुटली आणि ढीग चालायला लागला. मी भूगोलाची शिक्षिका, हे जन्मभर फळ्यावर काढत आलेय. वारा एका बाजूनं कण वर ढकलतो, ती बाजू पसरट होते. माथ्यावरून कण पलीकडे घसरतात, ती बाजू उभी. मागची वाळू पुढे, मागची पुढे, असं करत अख्खी टेकडी सरकते. वाळवंटात सरकते, सरकू दे. ही मेली आमच्या फाटकावर येत होती! वॉकरचे पाय रुतायला लागले. एकदा बाबांचा तोल गेला, फाटक धरलं म्हणून वाचले. त्या दिवसापासून जाणं बंद.

मग माझ्यातली मास्तरीण उठली. टेकडी कशी थांबवतात? वाऱ्याला आडोसा घालायचा, गवत लावायचं. मी बारदानं बांधली, दुर्वा खोचल्या, रोज पाणी घातलं. पावसात त्या अशा फोफावल्या की वाळू जागची हलेना. मला कोण आनंद! अहो, वाळू थांबवायची नव्हती, उचलायची होती! एवढी शिकलेली बाई, एवढं साधं सुचू नये?

गणपतीत सगळी गल्ली आमच्या फाटकाशी दुर्वा खुडायला. मी पुन्हा साहेबांकडे गेले. त्यांनी हात जोडले. "बप्पा की दूब है, अब कैसे हटाएँ? और लगाई तो आपने ही है." शेजारणीही त्यांच्याच बाजूनं. "रहने दो दीदी, कितना अच्छा लगता है." अच्छा लगता है म्हणे! आत एक माणूस दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघतोय, त्याचं काय?

विसर्जन झालं आणि मी फावडं घेतलं. कुणाला विचारलं नाही. घमेली भरभरून वाळू साहेबांच्या फाटकात ओतली, दुर्वांसकट. ते ओरडत बाहेर आले. ओरडा म्हटलं, खुशाल ओरडा. वाट मोकळी झाली तेव्हा माझ्या तळहातांना फोड आले होते.

बाबांना हाक मारली, "चला, तळ्यावर."

त्यांनी चपला घातल्या, वॉकर धरला, अर्धवट उठले आणि बसले. पुन्हा उठले. पुन्हा बसले.

"पाय ऐकत नाहीत ग आता," ते म्हणाले. "तू जाऊन ये. कोण कोण बसलंय, तेवढं बघून सांग."