इस्माइलचे थाळे

रुबीनाचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होतो. "सर, अब्बा गेले. पहाटेच्या नमाजानंतर." रुबीना म्हणजे इस्माइल मुकादमची मुलगी. रोडपालीला राहते, पनवेलहून अर्धा तास पुरतो. दफनाला मी गेलो नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं... खरं कारण गुडघे नव्हते.

इस्माइलने आणि मी पनवेलच्या एकाच शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बिग, लार्ज, ग्रेट, ह्यूज यांत मुलं हमखास अडखळायची. सगळ्यांचा अर्थ मोठा, मग कुठे कुठला घालायचा? मी व्याख्या लिहून द्यायचो, मुलं पाठ करून विसरायची. इस्माइल फळ्यावर एक गोल काढायचा. त्यांच्याकडे दावतीत एका मोठ्या थाळ्याभोवती चार-पाच जण बसून जेवतात. तसं गोलाच्या मधोमध विशेषण आणि भोवती त्याच्यासोबत बसणारे शब्द. बिगच्या थाळ्यावर ब्रदर, प्रॉब्लेम. लार्जच्या थाळ्यावर नंबर, अमाउंट. ग्रेटच्या थाळ्यावर प्लेझर. "नियम राहू द्या रे, कोण कुणाबरोबर जेवतं तेवढं बघा," म्हणायचा. मलाही चिडवायचा, "दातेसर, तुमच्या निबंधात सगळंच ह्यूज. जरा बेतानं वाढा." इंग्रजी वर्तमानपत्रं वाचून असे थाळे त्याने वर्षानुवर्षं एका जाड वहीत जमवले होते.

ती वही मी आठ दिवसांसाठी मागून नेली. एका प्रकाशकाला विद्यार्थ्यांसाठी पुस्तक हवं होतं. गोलांचे मी तक्ते केले, थोडी वाक्यं माझी घातली आणि मुखपृष्ठावर एकट्याचं नाव दिलं. पुस्तक चाललं. शाळेने माझा सत्कार केला, तेव्हा इस्माइल पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. वही परत घेताना एवढंच म्हणाला, "झालं काम?" मी हो म्हटलं. नंतर निवृत्तीपर्यंत आम्ही रोज एकत्र चहा प्यायलो. त्याने तो विषय काढला नाही, आणि मी... मी रोज उद्यावर ढकलला.

चाळिसाव्या दिवशीच्या फातिहाला, त्याच्यासाठीच्या प्रार्थनेला, मात्र गेलो. रुबीनाला सगळं सांगितलं. "ठाऊक आहे, सर," म्हणाली आणि आतून माझंच पुस्तक घेऊन आली. प्रत्येक तक्त्याशेजारी इस्माइलने पेन्सिलीने पुन्हा गोल काढले होते. लार्ज सरप्राइज असं माझं एक वाक्य होतं. तिथल्या सरप्राइजला उचलून त्याने बिगच्या थाळ्यावर बसवलं होतं. पहिल्या पानावर त्याचं अक्षर : 'दुसऱ्या आवृत्तीसाठी. दातेसरांना द्यायचं.'

"मग दिलं का नाही?"

"म्हणायचे, सर स्वतःहून मागतील."

त्या पुस्तकात जे काही चांगलं आहे ते इस्माइल मुकादमचं आहे. हे तो वाचू शकत होता तेव्हा लिहायला हवं होतं.

दुपारी जेवणं मांडली. रुबीनाच्या नवऱ्याने सरकून थाळ्याशी जागा केली, "या सर, इथे या." गुडघे दुमडत नव्हते, तरी बसलो. भात गरम होता. पहिला घास उचलायला मला फार वेळ लागला.