वामनकाकांचा हात

वामनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी चरोद्याला एका मित्राच्या घरी किस्सा रंगवत होतो. तो अर्धाच राहिला. माझ्या बाबतीत असं क्वचित होतं... त्याला आता महिना होऊन गेला.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, दुर्गजवळच्या पोलाद कारखान्यात फिटर. दर रविवारी खुर्सीपारच्या आपल्या खोलीत आम्हा पोरांना तबला शिकवायचे. लहानपणी गावी कडबा कापायच्या कुट्टीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं. शेजारचे तेलुगू रावमास्तर मृदंग शिकवत. त्यांच्याकडे सहा महिने वाद्याला शिवायचं नाही, नुसते बोल म्हणायचे. काकांचं उलटं. 'तोंड बंद, माह्या हाताकडं पाहा,' एवढाच त्यांचा धडा. आम्ही इमानदारीनं पाहिलं, आणि आठ धडधाकट पोरं दोन बोटं मुडपून तबला वाजवू लागलो. काका आमचं वाजवणं डोळे मिटून ऐकत, त्यामुळे त्यांना ते कधी दिसलंच नाही. तबल्याच्या परीक्षेत परीक्षकांनी मोठ्या काळजीनं विचारलं, हाताला काय झालं? मी म्हणालो, काही नाही, तबला असाच वाजवतात.

यापेक्षा सरस किस्सा मला मिळाला नाही. मी तो नकलेसकट गावभर सांगितला. कोहक्यात एका लग्नात जेवणाचं ताट उलटं धरून, दोन बोटं मुडपून असं काही वाजवलं की लोक हसून लोळले. मग भिंतीशी उभे असलेले काका दिसले. तेही हसत होते. फक्त त्यांनी प्लेट डाव्या हातात घेतली आणि उजवा हात खिशात घातला.

रविवारी गेलो तर तबला गवसणीत बांधलेला. काका, गंमत होती हो, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"गंमतच हाय बाबू," काका म्हणाले. "पण मले वाटे, मी पोराइले तबला देऊन राहिलो. पोरं माहा तोटाच शिकून राहिले होते."

त्यांनी आम्हाला दुर्गच्या एका मास्तरांकडे धाडलं. तिथे सगळं वहीत लिहून घ्यायचं. वर्षभरात माझी बोटं सरळ झाली. काकांनी पुन्हा कोणाला शिकवलं नाही.

तेरावं झाल्यावर काकूंना भेटायला गेलो. त्यांनी तबला माझ्यापुढे ठेवला. "त्यायचा हात वाजव ना जरासा. तुले येते."

मी बोटं मुडपली. नकलेत ती शंभरदा मुडपली होती. पण 'ना' हा बोल आला की करंगळीशेजारचं बोट आपसूक उघडून पुडीवर, तबल्याच्या कातड्यावर टेकायचं. तीनदा, चारदा... काकू डोळे मिटून ऐकत होत्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हा तं कोणाचाबी हात हाय."

पुडीच्या कडेला एक काळपट डाग आहे. बोटं नव्हती म्हणून काका तिथे तळहाताची कड टेकवायचे. पुडी बदलून घ्या, असं तबलेवाल्यानं सांगितलंय. काकू बदलत नाहीत.