नेनिताच्या पायाचं माप

शिळा भात लसणावर परतून झाला होता, सुकी मासळी तव्यावर तडतडत होती आणि माझा नवरा रुबेन कॉफीत पाव बुडवून खात होता. पुढच्या खोलीत आमचा बुटांचा कारखाना. तिथे आमचे जुने कारागीर इस्कोकाका सकाळपासूनच बुटांच्या तळव्यांना चिकटवणी लावत बसले होते. त्या वासाची आम्हाला इतकी सवय झालीय, की सणाला कारखाना बंद असला तर जेवण अळणी लागतं. तेवढ्यात मागचं दार वाजलं.

मागच्या दाराने आमच्याकडे कुणी येत नाही. मारिकिनात, आमच्या या बुटांच्या गावात, बूटवाल्याच्या घरी माणूस येतं ते पुढूनच, रस्त्यावरूनच हाका मारत. मी दार उघडलं तर समोर नेनिता. अंगावर दुकानाचा निळा गणवेश, केस नीट बांधलेले, ओठांना लाली, आणि पायात पुरुषी मोजे अन् त्यावर रबरी चपला. इतक्या उकाड्यात मोजे! हातात आमच्याच कारखान्याची पिशवी होती.

"वहिनी, भाऊ आहेत का?" तिने हळू विचारलं.

नेनिताला गल्लीत सगळे राणीसाहेब म्हणतात. शहरातल्या मोठ्या दुकानात ती अत्तरांच्या काउंटरवर उभी असते. कोपऱ्यावर पाव आणायला निघाली तरी पायात उंच टाचा. आमच्या दाराशी येईल, हसून बोलेल, मुलांना खाऊ देईल, पण आत म्हणून यायची नाही. "घाईत आहे हो," म्हणत चपला काढायच्या जागेच्या अलीकडेच उभी राहायची. शेजारणी म्हणायच्या, "आपल्या फरशीवर तिचा पाय कसा पडेल बाई!" मलाही वाटायचं, दुकानातल्या थंड हवेची सवय झालीय, आमच्या घरातला चिकटवणीचा वास तिला सोसत नसेल.

आज मात्र ती आत आली. चपला दाराशी काढल्या, मोजे तसेच पायात ठेवले, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टेकली.

रुबेन हात पुसत म्हणाला, "काय राणीसाहेब, आज मागच्या वाटेने? बूट पाहून दुकानातल्या पोरी जळल्या की नाही?"

नेनिताने पिशवीतून बूट काढले. काळे, बंद चवड्याचे, टाच तीन बोटं उंच. रुबेनने ते जीव लावून केले होते. बायकांना तो नेहमी सांगतो, टाच नेमकी पायाच्या टाचेखाली बसवली आणि चवड्याखाली मऊ गादी घातली, की दिवसभर उभं राहा, कळणारही नाही. "हे घट्ट होतात भाऊ," ती म्हणाली. "फार घट्ट."

झालं! रुबेनला काहीही बोला, पण त्याच्या बुटाला बोलू नका. "घट्ट?" त्याचा आवाज चढला. "माझ्या हातचा बूट? इस्कोकाका, ऐकलंत का? मी केलेला बूट घट्ट होतो म्हणे!"

"भाऊ, हळू बोला ना," नेनिता म्हणाली. पण काका ब्रश हातात घेऊन दारात हजर, आणि त्यांच्या मागे रस्त्यावरून जाणारी पाववाली बाईही मान उंचावून बघायला लागली.

"आता का हळू?" रुबेन म्हणाला. "तुझी मेरिसेल इथे कागदावर उभी राहिली होती. स्वतः पेन्सिल फिरवली मी. आईचा न् माझा पाय एकसारखा, असं तीच म्हणाली. आईला कामावरून यायला उशीर होतो, म्हणून माझं माप घ्या, असंही तीच म्हणाली. मग? त्या कागदावरूनच कलबूत, बुटाचा लाकडी साचा, निवडलं. चुकेल कसं?"

नेनिता खाली मान घालून बसली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

काकांना आत घेत मी मधलं दार लोटलं, पाववालीच्या तोंडावरच. नेनितापुढे कॉफीचा कप ठेवला आणि तिच्या मोज्यांकडे पाहिलं. उजव्या मोज्याला अंगठ्याजवळ तपकिरी डाग होता, वाळलेल्या रक्ताचा.

"मेरिसेलचा पाय तुझ्यासारखा नाही, नाही का गं?" मी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. मग एकदम बोलायला लागली, कपाकडे बघत. "मीच पाठवलं तिला. भाऊ सगळ्यांच्या देखत माप घेतात ना, दार सताड उघडं. बायका बाकावर बसून बघत असतात. गल्लीतल्या पासिंगमावशीचा पाय बघून सगळे कसे हसले होते, म्हशीचा खूर म्हणून. मीही हसले होते."

रुबेन काहीतरी म्हणायला गेला. मी त्याच्याकडे बघितलं.

"आमचं गाव सामार बेटावरचं," नेनिता म्हणाली. "भात लावायचा, चिखलात, अनवाणी. डोक्यावर ओझं घेऊन डोंगर चढायचा. शाळेतसुद्धा चप्पल नव्हती. पाय पसरले ते पसरलेच. इथे नोकरीला लागले तेव्हा दुकानातल्या बाईने विचारलं, मापाचा आकडा काय? शेजारच्या नाजूक मुलीने पाच सांगितला, म्हणून मीही पाच सांगितला. तेव्हापासून पाचच घालतेय. गावच्या पायाच्या पोरीला अत्तराच्या काउंटरवर कोण उभं करेल?"

"आणि काल?" मी म्हटलं. कालच काहीतरी झालंय, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतंच.

"काल हे नवे घातले. दुपारपर्यंत डोळ्यांत पाणी. काउंटरमागे गुपचूप काढून ठेवले, नेहमी ठेवते तसे. एक बाई अत्तर बघत होती, तिच्या हातातून बाटलीचं झाकण पडलं. ती वाकली, मीही वाकले. तिने माझे पाय बघितले." नेनिताने कप बाजूला सरकवला. "मला काही नाही बोलली. आमच्या वरच्या बाईंना बोलावून म्हणाली, अशा पायांच्या बाईच्या हातून मला अत्तर नको."

काका पुटपुटले, "तिच्या तोंडात मिरच्या पडोत."

"वरच्या बाई म्हणाल्या, सोमवारपासून दुकान बंद होईपर्यंत टाचा पायात हव्यात. पुन्हा काढलेल्या दिसल्या तर तळघरात, खोकी बांधायला. तळघरात गेलेल्या बाईला करार संपल्यावर परत कुणी बोलवत नाही, वहिनी. मेरिसेलचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे."

"सपाट बूट चालणार नाहीत का तिथे?" मी विचारलं.

"सपाट घातले तर त्याच दिवशी घरी. टाच हवीच."

रुबेन उठला. आता त्याच्या आवाजात चढ नव्हता. "मोजे काढ," तो म्हणाला. "बघू दे. पाय बघितल्याशिवाय मी काय करणार?"

नेनिताने काकांकडे पाहिलं. काका आपणहून पुढच्या खोलीत गेले. तिने एक मोजा काढला, मग दुसरा, आणि दोन्ही हातांनी पाय झाकायला बघितले. हात पुरले नाहीत. बोटं सगळी एकमेकांवर चढलेली. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, त्यावरची कातडी सोललेली. करंगळीवर कुरूप. टाचेच्या भेगांमध्ये पांढरी क्रीम भरलेली, बहुतेक आज सकाळीच, आमच्याकडे यायचं म्हणून.

आयुष्यभर ज्याने प्रत्येक पायाला काहीतरी नाव दिलं, केळीचा घड म्हणून, तळलेला मासा म्हणून, तो रुबेन या पायांकडे बघत नुसता उभा राहिला. त्याला वाईट वाटत होतं, हे मला कळत होतं. नेनिताला ते कळलं नसावं. तो हसला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याचं ते गप्प राहणं मात्र तिला सोसवेना. पाय स्टुलाखाली ओढत ती एवढीशी झाली.

"सोमवारपर्यंत होतील," रुबेन शेवटी म्हणाला. "चवडा रुंद कापू. अंगठ्याजवळ आतून शिवण नको, कातडं मऊ घेऊ. टाच तेवढीच राहील, पण जाड, पाय डुगडुगणार नाही. बाहेरून कुणाला कळणार नाही. पण माप नीट हवं. उभी राहा, पूर्ण भार टाकून."

त्याने फळीवरून खाकी कागद काढला, पेन्सिल कानावरून काढली आणि फरशीवर बसायला वाकला.

नेनिता उठली नाही. गणवेशाचा काठ गुडघ्यांवरून खाली ओढत राहिली, जणू तो पावलांपर्यंत पोचेल. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, म्हणाली,

"वहिनी, माप तुम्ही घ्या."