टेबलावरचा उपडा कप

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे प्रतिक्रियांमध्ये कुणी शिकवायला येणार नाही. मी बावन्न वर्षांची, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते आणि किराण्यापासून आहेरापर्यंत सगळ्याच्या याद्या करते.

गेल्या दिवाळीत माझ्या लेकीने, मुग्धाने, लॅपटॉपवर एक गेम लावून दिला. गोष्टीचा गेम, मारामारी नाही. एक म्हातारा वारलाय, त्याचं घर आपण आवरायचं आणि शेवटी ठरवायचं... कुलूप लावून निघायचं, की त्याच्या दूर गेलेल्या मुलासाठी थांबायचं? खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर यावरून नुसती जुंपलेली. काही जण थांबण्याच्या शेवटावर ढसाढसा रडलेले, तर काहींच्या मते गेमच रटाळ.

मी कुलूपवाली, आणि गेम रटाळ म्हणणाऱ्यांतलीही. "वेळेवर न येणाऱ्यासाठी कोण थांबणार?"

"आई, हे गेमबद्दल की संदीपमामाबद्दल?"

"तू चहा टाक."

संदीप माझा धाकटा भाऊ. बाबा गेले तेव्हा तो उशिरा पोचला. तेव्हापासून दोन वर्षं आमचं बोलणं बंद.

ग्रुपवर माझं मत अकरा मुद्द्यांत मांडायचं ठरवलं आणि रविवारी दुपारी गेम पुन्हा खेळायला घेतला. मुग्धा शेजारीच होती. स्वयंपाकघर आवरून दाराशी गेले, वळून पाहिलं — टेबलावर बशीत उपडा कप. पांढरा, हिरव्या रेघेचा, कानाचा टवका उडालेला.

"हे माझ्या वेळी नव्हतं," मुग्धा म्हणाली.

बाबा इगतपुरीला रेल्वेत होते. घरातलं कुणी यायचं राहिलं असेल, तर त्याचा कप आमच्याकडे बशीत उपडा ठेवत. तो ज्याचा त्यानेच येऊन सुलटा करायचा, दुसऱ्या कुणी नाही. बाबा गेले त्या सकाळी टेबलावर असाच कप होता, बाबांनी संदीपसाठी ठेवलेला. हाच, टवका उडालेला. संदीप पोचायच्या आधी मी तो धुऊन फळीवर ठेवला आणि दारातच त्याला म्हटलं, "बाबांनी तुझी वाटसुद्धा पाहिली नाही."

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मुग्धालाही नाही.

स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. "काकू, एडिट छान जमलंय!" एकाने लिहिलं. पुन्हा तीनदा खेळले. टेबल रिकामं.

संध्याकाळी संदीपला फोन लावला.

"ताई? कोण गेलं?"

"कुणी नाही. गप्प ऐक."

कप धुतल्याचं आधी सांगितलं, गेमचं नंतर. तो एवढंच म्हणाला, "हिरव्या रेघेचा?"

"हो."

गेम बनवणाऱ्यांना मेल केला होता. असा कप गेममध्ये कुठेच नाही, असं उत्तर आलं. मग तो आला कुठून? मला माहीत नाही. खोटारडी म्हणायचं तर खुशाल म्हणा. मी पाहिलंय, मुग्धाने पाहिलंय. आणि गेम रटाळच आहे, ते मत मी बदललेलं नाही. अकरा मुद्दे मात्र टाकले नाहीत.

पुढच्या रविवारी संदीप पुण्याहून आला. दोन तास उशिरा, अर्थात! बाबांच्या इगतपुरीच्या घरून आणलेल्या खोक्यातला तो कप मी टेबलावर उपडा ठेवला होता. त्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत. आधी कप सुलटा केला.