मी फेरीवाला नाही

२०२० साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. टाळेबंदीत माझी भज्यांची गाडी बंद पडली आणि भांडवल घरातच खाऊन झालं. सरकार लहान धंद्यांना कर्ज देत होतं, म्हणून जळगावच्या पालिकेत गेलो. चौथीपर्यंतच शिकलो, पण वाचता येतं. खिडकीवरच्या बाईंनी दिलेल्या अर्जावर 'फेरीवाला' लिहिलेलं.

"बाई, चाळीस वर्षं एकाच निंबाखाली उभा आहे. कधी फेरी मारली नाही. सही करणार नाही."

"आबा, सरकारी शब्द आहे. बदलायचा तर दिल्लीची फेरी मारा!"

मी अर्ज तसाच ठेवून उठलो. घरी डबे रिकामे झालेले; बायको अहिराणीत कडाडली, "घरमा बठ्ठं सरी गयं शे, नि तुमले शब्द खुपस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी गाडी ढकलत पालिकेभोवती एक फेरी मारली, मग आत जाऊन सही केली.