तारीख जवळ आली का?

नवऱ्याने हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तेव्हा बरं वाटलं होतं. लग्न नवं होतं, हॉलंडमधलं ते लहानसं गाव नवं होतं, आणि माझ्या पाळीची तारीख कुणी लक्षात ठेवतंय याचंच अप्रूप होतं. वर्षभरात तोच प्रश्न ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली. कारण तो प्रश्न यायचा तो मी काही बोलले की. भांडी तशीच पडलीत म्हटलं, तारीख जवळ आली का? तुझ्या आईने मला न विचारता आपल्या सुट्टीचा बेत ठरवला म्हटलं, तारीख जवळ आली का? त्यानंतर माझ्या म्हणण्याला किंमतच उरायची नाही. तो उठून लॅपटॉपपाशी जायचा.

नोकरी माझी होती, हे आधी सांगते. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी बियांची उगवण तपासायचे. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं, काही दिवसांनी उघडायचं, कोंब धड आहे की नाही बघायचं. त्या कामाच्या जोरावर हॉलंडच्या एका कंपनीत मला जागा मिळाली. नवऱ्याचं काम संगणकावरचं, कुठूनही करता येण्यासारखं, म्हणून तो माझ्याबरोबर आला. जालन्यातल्या माझ्या सासरी मात्र पेढे वाटले ते मुलगा परदेशी चालला म्हणून.

त्रास मला कॉलेजपासूनचा. पाळीच्या आधीचा आठवडा, कधी त्याहून जास्त. छाती दुखायची, पोट फुगायचं, ते सोसता येत होतं. डोक्यात जे व्हायचं ते सोसत नव्हतं. सकाळी डोळे उघडले की ओली गोणी अंगावर टाकल्यासारखं जड वाटायचं. कुणी साधं हसलं तरी ते मलाच हसलं असं वाटायचं. रडू यायचं, आणि रडू आलं याचा संताप यायचा. कालव्याच्या कडेने सायकलवरून कामाला जाताना नको ते विचार यायचे, आणि ते विचार माझ्या डोक्यात येताहेत याची इतकी भीती वाटायची की मी उतरून सायकल हातात धरून चालायचे. मग पाळी यायची. संध्याकाळपर्यंत सगळं ओसरायचं आणि मी पुन्हा माणसात यायचे.

लग्नाआधी जालन्यात एका डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "लग्न झालं की सगळं बरोबर होतं." लग्न झाल्यावर पुन्हा गेले, तर म्हणाल्या, "एक मूल होऊ दे." हॉलंडला आल्यावर वाटलं, इथे तरी कुणी ऐकून घेईल. तिथल्या दवाखान्यात एक उंच, हसरा डॉक्टर होता. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, पॅरासिटॅमॉल घ्या आणि रोज फिरायला जा. मी त्या देशात पावसापाण्यात रोज सायकल हाणत होते आणि हा मला फिरायला जा सांगत होता! लग्न, मूल आणि पॅरासिटॅमॉल. दोन देशांच्या डॉक्टरांकडे मिळून एवढंच औषध होतं.

पुढे एक दिवस कामावर मी टोमॅटोच्या रोपांचा ट्रे जमिनीवर आपटला. कारण काय, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईने तो इकडचा तिकडे ठेवला होता. ती पन्नाशीची असेल. ती ओरडली नाही. आम्ही दोघींनी माती गोळा केली, मग तिने मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि म्हणाली, "तू अशी नाहीस. पण दर महिन्याला काही दिवस अशी होतेस. परत डॉक्टरकडे जा, आणि या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे जा."

गेले. नवऱ्यालाही बरोबर नेलं. ही दुसरी डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "पाळी सुरू झाल्यावर काय होतं?"

"सगळं जातं," मी म्हटलं. "त्याच दिवशी."

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिने मग जीव नकोसा होतो का, तेही सरळ विचारलं आणि मी सरळ सांगितलं. नवरा माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टरने आम्हा दोघांना समजावलं. हार्मोन बिघडलेले नसतात, महिन्याच्या चढउताराला काही जणींचा मेंदू फार तीव्र प्रतिसाद देतो. हा आजार आहे, स्वभाव नाही. आणि त्याला उपचार आहे. उदासीच्या आजारावर देतात त्यातलंच एक औषध, कमी प्रमाणात, माझ्या बाबतीत फक्त पाळीच्या आधीच्या दिवसांत. प्रत्येकीला हेच लागू पडेल असं नाही, तुम्ही मला येऊन सांगत राहा, असं ती म्हणाली.

मला ते लागू पडलं. दुसऱ्या महिन्यात तो आठवडा आला आणि मी सकाळी उठून चहा केला. एवढंच. कामावर कुणीतरी माझा ट्रे पुन्हा हलवला आणि मी तो उचलून जागेवर ठेवला. त्या दिवशी घरी येताना मी सायकलवरून उतरले नाही. आनंद झाला म्हणावं तर तो पहिले दोन दिवसच टिकला. मग राग आला. बाकीच्या बायका असंच जगतात? इतकं सोपं असतं हे? माझी परीक्षेची वर्षं, नोकरीची वर्षं, तुटलेल्या मैत्रिणी, ते सगळं कुणी भरून देणार होतं?

आणि एक गंमत झाली. ते दिवस सुधारले तरी भांडी तशीच पडायची आणि मी त्यावर बोलायचेच. नवरा म्हणाला, "गोळ्या घेऊनही चिडतेस? डोस वाढवून माग ना."

त्या हिवाळ्यात आम्ही सुट्टीवर जालन्याला आलो. सासरचं घर स्टेशनपासून जवळ. घरात सासू आणि सासरे दोघंच. येऊन चार-पाच दिवस झाले असतील. पाळी नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे गोळ्यांची पाकिटं बॅगेत तशीच बंद होती. दुपारी जेवायला बसलो आणि सासूबाईंनी त्या गोळ्यांचं रिकामं खोकं माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"ह्या कशाच्या गोळ्या हेत?"

"पाळीच्या आधी मला त्रास होतो, त्याच्या."

"पाळीच्या गोळ्या मला कळतात. गल्लीतल्या मेडिकलवाल्याला दाखवलं मी. ह्या डोक्याच्या गोळ्या हेत म्हणला. तुमच्या लोकांनी लग्नात हे बोलायला पाहिजे होतं."

"जरा ऐकून तर घे तिचं," सासरे म्हणाले.

"काय ऐकून घेऊ? असल्या गोळ्या माझ्या घरात बिलकुल चालणार न्हाईत."

"आतल्या गोळ्या कुठं आहेत?" मी विचारलं.

"सकाळच्या घंटागाडीत टाकल्या."

माझ्या बॅगेतून काढून, गल्लीतल्या दुकानात दाखवून, कचऱ्याच्या गाडीत! मी नवऱ्याकडे पाहिलं. तो त्या डॉक्टरसमोर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं, मी जिवाचं काय बोलले तेसुद्धा. त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. त्याने घास गिळला आणि म्हणाला, "आई, जाऊ दे ना. तिची तारीख जवळ आली असेल."

मी ओरडले नाही. आवाज इतका शांत निघाला की मलाच नवल वाटलं. "माझी तारीख लांब आहे," मी म्हटलं. "गोळीही चालू नाही. हा राग आजाराचा नाही, माझा आहे. आईंवर आहे, आणि तुझ्यावर त्याहून जास्त आहे." ताट उचलून मोरीत ठेवलं, पर्स घेतली आणि रिक्षाने बसस्टँड गाठला.

माझं माहेर जालना जिल्ह्यातलंच, टेंभुर्णीचं; तिथे आई अंगणात सुपाने तूर पाखडत होती. वडील जाऊन काही वर्षं झालीत. मला एकटीला पाहून तिने विचारलं, "भांडून आली का?"

"हो."

"मंग बरं केलं. आधी भाकर खा."

भाकरी झाली आणि मी सगळं सांगितलं, हॉलंडच्या डॉक्टरपासून घंटागाडीपर्यंत. ती ऐकत पाखडत होती. मध्येच सूप थांबलं.

"पाळी आली की समदं जातं म्हणती?"

"तुला कसं माहीत?"

"मला न्हाई तर कोणाला माहीत?"

आमच्या गावात आईचं नाव कजाग म्हणून होतं. लहानपणी काही दिवस असे यायचे की आम्हा भावंडांना शेजारच्या काकूंकडे पाठवून द्यायचे आणि आमच्या घरातून भांड्यांचे आवाज यायचे. वडील ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आली अंगात." एकदा आई दोन दिवस घरात नव्हती. माहेरी गेलीय असं आम्हाला सांगितलं होतं. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजून लाल झाले होते.

"माहेरी कुठली," आई म्हणाली. "देवऋष्याकडं नेल्तं मला. त्यानं मिरच्याची धुरी देल्ती. दोघीजणींनी धरून ठिवलं होतं. तुझा बाप भाईर बसला होता."

ती पुढे म्हणाली, "नंतर पाळी गेली अन् मी सुटले. आता लोकं म्हणतात, म्हातारपणी बाई सुधरली." हे सांगून ती चक्क हसली. मला हसू आलं नाही. त्या ओट्यावर जाऊन मेलेल्या माणसाशी भांडावं असं वाटलं.

"पण समदंच त्या दिवसांचं नव्हतं बरं," ती म्हणाली. "माझ्या हातची म्हैस तुझ्या बापानं मला न इचारता इकली. तवा मी भांडले. तवाबी म्हणला, अंगात आली. म्हैस इकल्यावर काय गाणं म्हणायचं का?"

"गावाला सांगू का खरं काय होतं ते?"

"कशाला? कजाग होते तर कोणी वाट्याला जात नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर जालन्याला आली. मी नको म्हणत होते, ती लुगडं बदलून आधीच फाट्यावर जाऊन उभी राहिली. आम्ही एका मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी माझ्या मोबाईलमधले हॉलंडच्या डॉक्टरचे कागद पाहिले, चार प्रश्न विचारले आणि मान हलवली. "ह्या त्रासाच्या बायका येतात," ते म्हणाले. "पण डोकं दुखतं सांगत येतात. आणि फार उशिरा येतात." त्यांनी तेच औषध लिहून दिलं. खालच्या दुकानात ते होतं. मुलाने फळीवरून काढून कागदाच्या पिशवीत घालून दिलं, खोकल्याचं औषध द्यावं तसं.

त्या दुकानाच्या पायरीवर माझा जो संताप झाला तसा कालव्याच्या काठीही कधी झाला नव्हता. हे औषध जालन्यात होतं. मी ज्या रस्त्याने रोज कंपनीच्या बसला जायचे त्या रस्त्यावर होतं. त्यासाठी मला विमानाने हजारो मैल जावं लागलं, माझ्याबरोबर माती गोळा करणारी एक परकी बाई भेटावी लागली. आईच्या वेळी इथे काही मिळत होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण टेंभुर्णीहून जालन्याला एसटी तेव्हाही येत होती. तिला एसटीत कुणी बसवलं नाही. धुरीला मात्र बैलगाडी जुंपली.

आई म्हणाली, "चल आता, तुझ्या सासूकडं." तिथे तिने चहा घेतला, इकडची तिकडची चौकशी केली आणि उठताना पिशवी सासूबाईंसमोर धरली. "विहीणबाई, गोळ्या नव्या आणल्यात. ह्या फेकायच्या असल्या तर मला बोलवा. मी समोर बसून बघते." सासरे खाली बघून हसले असावेत, मला नीट दिसलं नाही.

सासूबाईंना ते पटलंय असं नाही. नातेवाइकांत त्या माझ्या 'डोक्याच्या गोळ्यां'विषयी बोलतात, ते फिरून माझ्यापर्यंत येतं. गोळ्या चालू आहेत, ते दिवस बरे जातात. हॉलंडला परत आल्यावर कितीतरी दिवस मी नवऱ्याशी कामापुरतंच बोलले. मग त्याने त्या दुपारची माफी मागितली. मी ती घेतली, पण झालं गेलं विसरून जा, हे जे त्यात शेवटी जोडलेलं होतं, ते घेतलं नाही. मला विसरायचं नाही.

परवा तो त्याच्या आईशी फोनवर बोलत होता. तिकडून काय आलं कोण जाणे, पण हा म्हणाला, "आजारी नाही आई, ती रागावलीय. आणि बरोबर रागावलीय." मी आत कणीक मळत होते. त्याने ते मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, म्हणून मी अजून त्यावर पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.