पी.टी.च्या बाईंची रेसिंग टीम

लोक मला विचारतात, दुबईत सासूबाईंचा वेळ कसा गं जायचा? मी सांगते, त्या रेसिंग टीम चालवायच्या. मग समोरची बाई खो खो हसते. हसू दे बापडी. मला नाही आता हसू येत.

आमच्या सासूबाई, मनोरमाबाई, मिरजेच्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. सगळी नोकरी खो-खोच्या मैदानावर, गळ्यात शिट्टी. निवृत्त झाल्या तेव्हा सासरे हयात नव्हते. म्हणून एकुलत्या एका मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना दुबईला आणलं. निनाद एका बांधकाम कंपनीत एस्टिमेशन इंजिनिअर होता. आम्ही अल मनखूलला राहायचो, मिहिका तेव्हा केजीत. सुरुवातीला सासूबाईंनी माझं डोकं खाल्लं. खालच्या ग्रोसरीत जायच्या आणि हात हलवत परत यायच्या. “दोन दिरहमला कोथिंबिरीची जुडी! म्हणजे चोवीस रुपये! शुभ्रा, तुम्ही लोक वेडे आहात का गं?” रोज हेच.

निनादला गाड्यांचं वेड होतं, आणि त्याला याकूब भेटला. याकूब रत्नागिरीकडचा, शारजाला त्याचं गॅरेज. २००६ साली दोघांनी मिळून एक जुनी सेडान घेतली, आतल्या सीटा, एसी, गालिचे सगळं उपटून काढलं आणि लोखंडी पिंजरा बसवला. स्टॉक कार म्हणजे हेच. बाहेरून रस्त्यावरची साधी गाडी, आतून नुसता सांगाडा. शुक्रवारी वाळवंटातल्या ट्रॅकवर अशा गाड्यांच्या रेसेस असायच्या. मी म्हटलं, तुला सुखाचं आयुष्य बोचतंय का? तो म्हणाला, “यल्ला, चल तरी एकदा बघायला.”

गेलो. सासूबाई थालीपिठांचा डबा घेऊन आल्या होत्या. रेसमध्ये एकदा गाडी ट्रॅकवरून बाजूला आत आणून टायर बदलायचेच, असा नियम होता. निनाद आत आला आणि त्याच्या ऑफिसमधले चार मित्र एकदम धावले. एकाने जॅक लावायच्या आधीच दुसऱ्याने बोल्ट सोडले, तिसऱ्याच्या पायावर टायर पडला. आमची गाडी शेवटची आली. सासूबाईंनी डबा बंद केला. म्हणाल्या, “ही टीम आहे? माझ्या सातवीच्या पोरी परवडल्या!”

पुढच्या शुक्रवारी सकाळी बिल्डिंगमागच्या वाळूच्या मोकळ्या प्लॉटवर शिट्टी वाजली. मी गॅलरीतून बघते तर काय, ते ऑफिसातले चौघे मॅनेजर आणि याकूब एका ओळीत उकिडवे बसलेले आणि साडी खोचून सासूबाई समोर उभ्या. नाव पुकारल्याशिवाय कोणी उठायचं नाही. पुकारलं की विचार करत बसायचं नाही, उठायचंच. चुकलं की प्लॉटभोवती धाव. याकूब धापा टाकत म्हणाला, “काकी, आम्ही चाळिशीला आलो!” “मग पोट आत घे,” त्या म्हणाल्या.

आणि काय सांगू, जमलं की! निनाद काही फार भारी ड्रायव्हर नव्हता, पण टायर बदलायला आमच्या टीमइतकं चटपटीत दुसरं कोणी नव्हतं. ट्रॅकवर जे हातून जायचं ते आत आल्यावर भरून निघायचं. सासूबाई साडीवर टीमचं जॅकेट घालून ट्रॅककडेच्या भिंतीपाशी उभ्या राहायच्या. हातात लांब काठीचा बोर्ड. कितवा नंबर, किती फेऱ्या उरल्या, ते त्यावर लावून ड्रायव्हरला दाखवायचं. ‘इन’ लावलं की आत यायचं. निनाद त्या बोर्डाशी कधी हुज्जत घालत नसे. लहानपणापासून आईच्या शिट्टीवर वाढलेला तो.

दुसऱ्या सीझनला आम्ही तिसरे आलो. हमदुल्ला नावाच्या पेशावरच्या टायरवाल्याने बॉनेटवर त्याच्या दुकानाचं नाव रंगवलं आणि पैसे देऊ लागला. तो सासूबाईंना ‘माँजी’ म्हणायचा. गणपतीत आपल्या लोकांनी त्यांचा शाल घालून सत्कार केला, तेव्हा मला खरंच अभिमान वाटला. त्यांना एक मैत्रीणही मिळाली, सायरा. हैदराबादची. तिचा नवरा आमच्या शेजारच्या टीमची गाडी चालवायचा. दोघी एकाच चटईवर बसून एकमेकींचे डबे खायच्या. मिहिका मात्र कुरकुरायची, “आजी, इट्स टू हॉट, कॅन वी प्लीज गो होम?” आजी म्हणायची, “टोपी घाल.”

मग २००८ संपता संपता सगळं कोसळलं. निनादच्या कंपनीचे टॉवर अर्धवट उभे राहिले, क्रेन जागच्या जागी थांबल्या. टायर बदलणाऱ्या चौघांपैकी तिघे महिन्याभरात सामान बांधून गेले. एकाने तर साधा निरोपही घेतला नाही. जानेवारीत निनादच्या हातात पत्र पडलं, दोन महिन्यांच्या नोटिशीचं. नोकरी गेली की व्हिसा कॅन्सल, आणि त्यानंतर महिन्याभरात देश सोडायचा. माझा, मिहिकाचा, सासूबाईंचा, सगळ्यांचाच व्हिसा निनादच्या व्हिसावर लटकलेला. त्याने कुठे कुठे सीव्ही पाठवले देव जाणे. एकाचंही उत्तर नाही.

त्यात हमदुल्ला घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, “देखो भाई, आखरी रेस में पहले तीन में आ जाओ. टीम भी चलेगी, और मैं तुम को अपने वीज़ा पे ले लूँगा. दुकान सँभालो, जुम्मे को गाड़ी चलाओ. इन्शाल्ला.” मी स्वयंपाकघरात जाऊन देवासमोर हात जोडले. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मला त्या तिसऱ्या नंबरापलीकडे काही दिसत नव्हतं.

पण शेवटच्या रेसच्या आधी आणखी एक रेस होती. त्यात सायराच्या नवऱ्याची गाडी वळणावर उलटली. एकदा नाही, कितीदा तरी. सायरा चटईवरच बसलेली होती, तिच्या हातात पुरीचा तुकडा तसाच. ॲम्ब्युलन्समध्ये तिच्याबरोबर सासूबाई गेल्या. माणूस वाचला. पण कमरेखाली काही जाणीव राहिली नाही, आणि पुढच्या महिन्यात ते दोघं व्हीलचेअर घेऊन हैदराबादला निघून गेले.

हॉस्पिटलमधून आल्यावर सासूबाई निनादला म्हणाल्या, “बास झालं. आता नाही बसायचं गाडीत.”

“आई, आता एकच रेस राहिलीय.”

“आणि व्हिसा मिळाला की? मग दर शुक्रवारी.”

“मग काय करू?” निनाद एकदम ओरडला. आईवर आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. “मिरजेला जाऊन तुझ्या पेन्शनवर बसू?”

सासूबाईंनी जॅकेट काढून खुंटीला लावलं. मी निनादच्याच बाजूची होते.

शेवटच्या रेसला येणार नाही म्हणाल्या होत्या, पण सकाळी जॅकेट घालून दारात उभ्या. याकूबने कुठून कुठून माणसं गोळा केली होती, तरी टायर बदलायचं काम झटपट झालं. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या तेव्हा निनाद तिसरा होता, आणि चौथी गाडी बरीच मागे. हमदुल्ला खुर्ची सोडून उभा राहिला.

तेवढ्यात आमची गाडी समोरून गेली आणि मागच्या डाव्या चाकातून धूर दिसला. पांढरा, पातळ. याकूब लगेच म्हणाला, “काकी, काही नाही. पत्रा वाकलाय, टायर घासतोय त्याला. आरामात पोचंल.”

सासूबाईंनी मान डोलावली. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. मी शेजारीच उभी होते ना! मान डोलावली, आणि वाकून बोर्डावर ‘इन’ लावायला लागल्या.

“आई, काय करताय?” मी ओरडले. “याकूबभाई सांगतायत ना!” याकूबने काठी धरली. त्यांनी एका हिसक्यात ती सोडवून घेतली. मुलींना शिकवताना कमावलेले ते हात. बोर्ड त्यांनी भिंतीवरून पार बाहेर काढून धरला, गाडी समोरून जाईपर्यंत.

आणि निनाद आला. पुढच्या फेरीला सरळ आत. त्याला वाटलं, काहीतरी भयंकर झालंय. याकूबने हाताने पत्रा ओढून सरळ केला आणि “जा जा जा!” म्हणून छपरावर थाप मारली. पण तेवढ्यात पाच गाड्या पुढे गेल्या होत्या. आम्ही आठवे आलो. हमदुल्लाने खुर्ची मिटली. “खैर, माँजी,” म्हणाला आणि गेला.

निनादने हेल्मेट काढलं, खाली बसून टायर चाचपला. मग आईकडे बघून अगदी हळू विचारलं, “नुसता घासतोय, हे तुला कळलं नाही?”

“कळलं.”

“मग?”

“मग काय? आलास ना तू.”

निनादने त्यांच्याकडे बघितलं आणि याकूबला गाडी ट्रेलरवर चढवायला मदत करायला गेला. घरी आल्यावर मी मात्र बोलले. नको नको ते बोलले. तुमच्यामुळे माझा संसार रस्त्यावर आला, म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिहिकाला वरणभात भरवला.

महिन्याभरात आम्ही मिरजेला होतो. गाडी याकूबने सुटे भाग करून विकली. मिरजेत निनादला साजेसं काम मिळेना. वर्षभर तो घरात कोंडल्यासारखा वावरला, आणि मग सौदीत एका साइटवर काम मिळालं. फॅमिली न्यायची सोय नाही. मी म्हटलं, नको जाऊस. तो म्हणाला, इथे नाही राहवत. सासूबाई दारापर्यंत आल्या होत्या. तो त्यांच्या पाया पडला, रीतीप्रमाणे, आणि रिक्षात बसला.

याला आता सहा वर्षं झाली. दोन वर्षांतून एकदा येतो, महिनाभर राहतो. घरात आईशी लागेल तेवढंच बोलतो. मिहिका मोठी झाली, अजूनही इंग्लिशमध्येच उत्तरं देते. मला सासूबाईंचा राग येतो का? येतो. अजून येतो. आणि कधी रात्री मिहिकाला ताप आला की वाटतं, मी तरी काय केलं असतं. मग स्वतःचाच राग येतो.

शुक्रवारी दुपारी निनादचा फोन येतो. मी स्पीकर लावते. मुद्दामच लावते. सासूबाई हातातलं काम टाकून बाजूच्या खुर्चीवर येऊन बसतात. तो माझ्याशी बोलतो, मिहिकाच्या परीक्षेचं विचारतो, आणि शेवटी म्हणतो, “आई बरी आहे ना?” मी म्हणते, “इथेच बसल्यात, देऊ का?” तो म्हणतो, “नको, साइटवर जायचंय.” आणि फोन बंद होतो.

सासूबाई थोडा वेळ फोनकडे बघत बसतात. “आवाज चांगला आहे,” म्हणतात. “जेवलेला वाटला.” मग गुडघ्यावर हात ठेवून उठतात आणि आत जातात.